बडोद्यातल्या दांडिया बाजारातली जिम, सात महिने जाऊन मग लिहितेय

पहिल्या आठवड्यात सगळ्याच जिम छान वाटतात म्हणून मुद्दाम थांबले होते.

आधी मागचं सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिममध्ये (नाव नाही लिहीत, उगाच कशाला) वर्षाचे बारा हजार एकदम भरले. एसी, भिंतभर आरसे, आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरने स्क्वॉट (म्हणजे बैठका), लंजेस, लेग प्रेस असं पायांचं सगळं करून घेतलं, पाय थरथरायला लागले तरी वरून आणखी दहा, मॅडम. दुसऱ्या दिवशी दुखलं, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त, जिना कठडा धरून उलटी उतरत होते आणि सासूबाई वरून बघतायत. दुखणं जाईपर्यंत आठवडा गेला, परत गेले तर परत तेच. वर्षात मोजून बारा वेळा गेले असेन, म्हणजे एका खेपेला हजार रुपये.

इथे ट्रेनरने पहिल्या दिवशी रिकामा बारसुद्धा (प्लेटी न लावलेला लोखंडी दांडा) हातात दिला नाही. 5 किलोचं डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, आठ-आठचे तीन सेट, झालं, जा घरी. मला वाटलं बाई माणूस, वय 46, म्हणून हलक्यात घेतोय. जरा चिडूनच विचारलं तर म्हणतो, "काकू, अजून दोन-तीन निघाले असते ना? ते राहू द्या, परवा यायचंय तुम्हाला."

तेव्हापासून हेच चाललंय. दोन रेप (म्हणजे आणखी दोनदा करण्याइतका दम) अंगात शिल्लक असताना सेट थांबवायचा, आठवड्यातून तीनच दिवस, पण एक दिवस बुडाला की फोन येतो. दम संपेपर्यंत मारायची मुभा फक्त बायसेप कर्लसारख्या (दंडाचा व्यायाम) किरकोळ गोष्टीत, तीही शेवटच्या सेटला, स्क्वॉटला किंवा डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलणं) अजिबात नाही. तिन्ही सेट आठ-आठ स्वच्छ निघाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढ, नाहीतर तेच वजन परत. दर पाचव्या आठवड्याला सेट निम्मे, तेव्हा मला फी फुकट गेल्यासारखं वाटतं पण त्यानंतरच्या सोमवारी बार हलका लागतो हे खरं. प्रत्येकाची वही आहे, त्यात तारीख, वजन, रेप लिहायचे. माझ्या वहीत आज स्क्वॉट 40 किलो, डेडलिफ्ट 50. गॅसचा सिलिंडर आता मीच सरकवते, कुणाला हाक मारत नाही.

खरी परीक्षा नवरात्रात. बडोद्यात त्या नऊ दिवसांत जिम ओस पडते, रात्री एकपर्यंत गरबा खेळून सकाळी साडेसहाला कोण येणार. ट्रेनरने मला सांगितलं आठवड्यात दोनदा या, वीस मिनिटं, वजन तेच ठेवा, सेट एकच. दसऱ्यानंतर माझा बार जिथल्या तिथे होता, आणि दर सोमवारी दम संपेपर्यंत वजन मारणारी दोन पोरं, जी तीन आठवडे फिरकलीच नाहीत, ती दहा-दहा किलो खाली आली. (मी हसले नाही. थोडं हसले.)

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने 1902 साली इथे उचलला म्हणतात तो 1200 किलोचा दगड आहे ना, परवा भाच्याला घेऊन गेले होते, सगळे त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. त्याच्या रोजच्या दंड-बैठकांचा फोटो कुठून काढणार म्हणा. आमचे आजोबा प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, त्यांची मुदगलं (फिरवायची जड लाकडं) अजून माळ्यावर पडलीयत, मला एकदासुद्धा नीट फिरवता येत नाहीत.

तक्रारी आहेत. रॅक (स्क्वॉटसाठी बार ठेवायचा स्टँड) एकच, सातनंतर रांग लागते. एसी नाही, पंखे आहेत, मे महिन्यात काय होईल देव जाणे. सव्वा किलोच्या प्लेटींची एकच जोडी, आणि अडीच किलो वाढवायचं तर तीच लागते, त्यामुळे ती शोधण्यात माझे पाच मिनिटं जातात, एकदा तर कुणीतरी दार अडवायला लावून ठेवली होती. मालकभाईंना दोनदा सांगितलं, "आवी जशे" (येईल), अजून आली नाही. गाडी लावायला जागा नाही, चालतच या.

फी सहा महिन्यांची 6,000. पेन आपलं न्या, वहीला दोरीने बांधलंय ते चालत नाही.