वेड्यांच्या इस्पितळाची दोन छापचित्रं: होगार्थ की रोलँडसन?

दोन्ही लंडनची. विल्यम होगार्थचं १७३५ सालचं बेडलम, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं; आणि रोलँडसन-प्युजिन या चित्रकार जोडीचं सेंट ल्यूक्स, १८०९च्या आसपासचं. बेडलम आणि सेंट ल्यूक्स ही त्या इस्पितळांची नावं.

होगार्थपाशी थांबावंच लागतं. होगार्थच्या चित्रमालिकेचा नायक, बापाचा पैसा उधळून बसलेला टॉम रेकवेल जमिनीवर अर्धनग्न पडलाय, पायात बेडी. शेजारी सारा, त्याने सोडून दिलेली प्रेयसी, रडतेय. एकजण भिंतीवर रेखांशाचं कोडं (समुद्रात जहाजाचा रेखांश कसा ओळखायचा) सोडवतोय, दुसरा डोक्यावर वही ठेवून फिडल वाजवतोय. आणि या सगळ्यात झगमगीत कपड्यांतल्या दोन बायका, चक्क बघायला आलेल्या! एकीने तोंडाआड पंखा धरलाय. पलीकडे कोठडीत मुकुट घातलेला नागडा ‘राजा’. (बेडलम बघायला तेव्हा लोक हौसेने जात, आपण राणीच्या बागेत जातो तसे.) १७६३मध्ये होगार्थने भिंतीवर ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, नाणं वाढवलं. म्हणजे वेडा अख्खा देशच.

सेंट ल्यूक्सच्या चित्रात इमारत प्युजिनने काढलेली, माणसं रोलँडसनने. उंच, लांबलचक दालन, हलके रंग. माणसं त्यात हरवलेली. वास्तू समजायला हेच बरं.

पण विकत घ्यायचं तर मी होगार्थच घेईन. दिवाणखान्यात मात्र नाही लावणार, पाहुणे चहा अर्धा टाकून उठतील.