धंद्यातल्या बाईसाठी नाशिकमधल्या सरकारी सेवा: कुठली खिडकी चालते, कुठली अडते

नाशिकमध्ये देहविक्री करणाऱ्या बाईच्या वाट्याला सरकारच्या मुख्यतः तीन सेवा येतात: तपासणी आणि औषधं, मोफत वकील, आणि आधार-रेशनची कागदपत्रं. पहिली चांगली आहे, निर्धास्त जावं. दुसरी मागता आली तर चांगली, नाही तर असून नसल्यासारखी. तिसरी मात्र दमवते. औषधांना आणि वकिलाला एक रुपयाही लागत नाही, तरी मध्ये कुणीतरी 'मी करून देतो' म्हणत उभा असतोच. त्याला बाजूला सारूनच पुढे जायचं.

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे, सगळ्यांच्या तोंडी आयसीटीसी. आधी समुपदेशक बोलतात, संमतीची सही होते, मग एचआयव्हीच्या चाचणीसाठी रक्त घेतलं जातं. पहिल्या किटवर काही आलं नाही तर तिथेच विषय संपतो. काही आलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किटने चाचणी करतात, आणि तिन्हींत आलं तरच 'पॉझिटिव्ह' म्हणतात. एका किटच्या जोरावर कुणी घाबरवत असेल तर तो रिपोर्टच नव्हे. नुकताच धोका घडला असेल तर आजचा 'निगेटिव्ह' पुरा मानू नका, तीन महिन्यांनी परत जा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल तिसऱ्याला सांगणं नाही. घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, सोबत आली असेल तर तिने बाहेर बसायचं. रिपोर्ट बाईच्याच हातात.

गुप्तरोगाच्या औषधांची पद्धत मला या सगळ्यात सर्वांत जमलेली वाटते. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी आठ दिवस न थांबता लक्षणं बघून रंगीत पाकीट देतात. करड्या पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असतं, ते गर्भाशयाच्या तोंडाशी झालेल्या संसर्गासाठी. हिरव्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, अंगावरून जाण्याच्या नेहमीच्या तक्रारीसाठी. दोन्ही एकाच वेळचे डोस. हेच नीट कळलेलं नसतं: अर्ध्या गोळ्या आज, अर्ध्या 'परत त्रास झाला तर' म्हणून ठेवल्या, किंवा एकीचं पाकीट दोघींनी वाटून घेतलं की जंतू मरत नाही, उलट पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही. खिडकीसमोरच पाणी घेऊन गोळ्या घेणं बरं. हिरव्या पाकिटानंतर दारू वर्ज्य, उलट्यांनी हैराण व्हायला होतं. आणि कायमचा जोडीदार असेल, ज्याला बायका 'माझा माणूस' म्हणतात, तर त्याचं पाकीट त्याच दिवशी मागून घ्यायचं. त्याच्याशी निरोध वापरला जात नाही आणि दुखणं तिथूनच फिरून येतं.

निरोध फुकट मिळतो. तो फाटण्याची कारणं ठरलेली: खोबरेल तेल लावणं, एकावर एक दोन चढवणं, पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या उन्हात डबा ठेवणं. पाण्याची किंवा सिलिकॉनची चिकटाई चालते, तेल रबर खातं.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. ओपीडी सकाळची आणि धंदा रात्रीचा. पहाटे चारला झोपलेली बाई नऊला रांगेत कशी उभी राहील? वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे पिअर, म्हणजे बहुधा धंद्यातल्याच बायका, इथे उपयोगी पडतात. दर तीन महिन्यांनी डॉक्टरी तपासणी आणि वर्षातून दोनदा एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी त्यांच्यामार्फत ठरवून होते. ती चुकवू नये. शंका असेल तर १०९७ हा फुकट क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

जबरदस्ती झाली तर नऊची वाट बघायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टीत जायचं. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस न चुकता घ्यावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांना बांधतं: उपचार लगेच आणि मोफत, पोलिसांना दवाखान्याने कळवायचं. 'आधी एफआयआर आणा' हे वाक्य बेकायदा आहे. आणि 'धंदेवालीवर कसला बलात्कार' म्हणणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२चा आदेश दाखवायचा: अत्याचार झालेल्या कुठल्याही बाईला जे मिळतं ते सगळं हिलाही मिळालं पाहिजे.

याच आदेशाची बातमी 'कोर्टाने धंदा कायदेशीर केला' अशी फिरली, आणि त्या गैरसमजाची किंमत बायका मोजतात. आदेश बुद्धदेव करमास्कर प्रकरणातला, न्या. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाचा. न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या, त्यांतल्या चारांवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली. सज्ञान बाई राजीखुशीने करत असेल तर पोलिसांनी हात लावू नये, छाप्यात बाईला अटक करू नये, आईपासून मूल तोडू नये: या त्या हरकतीतल्या. उरलेल्या सहा पाळायला सांगितल्या. निरोध सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये, बाईचं नाव-फोटो माध्यमांनी छापू नये, सुरक्षागृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करावी, या त्यांतल्या. तेव्हा छाप्यात 'मला सोडा, कोर्टाने सांगितलंय' एवढ्यावर भागत नाही. 'निरोध पंचनाम्यात पुरावा म्हणून लिहू नका' हे मात्र ठामपणे म्हणता येतं.

चालतो तो कायदा १९५६चाच, अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, सगळे त्याला 'पीटा' म्हणतात. एकटी बाई स्वतःच्या खोलीत करते तो गुन्हा नाही. दोघींनी मिळून खोली घेतली आणि दोघींना फायदा झाला की व्याख्येप्रमाणे तो कुंटणखाना होतो. बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही कलम ४ मध्ये येतो, मग तो तिचा शिकणारा पोरगा का असेना. हे कलम दलालासाठी केलं होतं, लागू घरालाही होतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

आणि नाशिकची खास अडचण कलम ७. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर बाई आणि गिऱ्हाईक दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. आता पंचवटीत किंवा जुन्या नाशकात २०० मीटरमध्ये देऊळ नाही अशी एक गल्ली दाखवा! इतर शहरांत जे कलम काही रस्त्यांपुरतं आहे ते इथे अख्ख्या जुन्या गावाला झाकतं. कलम १८ खाली दंडाधिकारी अशा जागेला नोटीस काढतात आणि उत्तराला सात दिवस देतात. ती नोटीस घरमालकाकडे पडून राहते आणि बाईला कळतं ते कुलूप लागल्यावर. दाराला चिकटवलेला कागद दिसला की त्याच दिवशी त्याचा फोटो काढून वकिलाकडे.

छापा कसा व्हायला हवा हे पाठ असावं. 'पंटर', म्हणजे बनावट गिऱ्हाईक, पाठवून इशारा मिळाला की पथक आत येतं. पंच किमान दोन, त्यांत एक बाई. पथकात किमान दोन महिला पोलीस. बाईची चौकशी महिला पोलिसाने करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिलेसमोर. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरणही हवं. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्यायचा, विशेषतः दोन जागा: वय, आणि बाई 'पीडित' म्हणून लिहिली की 'आरोपी' म्हणून. पुढचं सगळं या एका शब्दावर फिरतं. स्वतःचे पैसे आणि मोबाइल जप्त झाले तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली आहे का तेही बघायचं.

इथून मोफत वकिलाची गरज सुरू होते. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला उत्पन्नाची अट नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तिथे लिहून घेतात. फोन १५१००. आरोपी असेल तर लोकअभिरक्षक कार्यालयाचा वकील, पीडित असेल तर पॅनलवरचा. म्हणूनच तो पंचनाम्यातला शब्द.

ही सेवा अपुरी पडते ती वेळेवर. छापा संध्याकाळी पडतो, सकाळी दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात, आणि तोपर्यंत घरवालीचा वकील वकीलपत्र घेऊन हजर असतो. त्यावर बाईने सही केली की संपलं: तो घरवालीला सोडवायला आलेला असतो, बाईचा जबाब त्याच्या सोयीने होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं आहे की दलालाच्या किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या वकिलाने त्याच खटल्यात सुटका झालेल्या बाईतर्फे उभं राहायचं नाही. बाईने एवढंच वाक्य न्यायासनासमोर म्हणावं: 'हा माझा वकील नाही, मला सरकारी मोफत वकील हवा.' ते नोंदवून घ्यावंच लागतं.

चौकशीच्या काळात सुरक्षागृहात ठेवायची मुदत तीन आठवडे. त्यानंतर एक ते तीन वर्षांचा आदेश होऊ शकतो, त्यावर सत्र न्यायालयात अपील आहे. २४ सप्टेंबर २०२०ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन सज्ञान तरुणींना असाच एका वर्षाचा आदेश रद्द करून सोडलं. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला कुठे राहायचं ते ठरवायचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं आहे. पॅनलवरच्या वकिलाला हा निकाल माहीत असेलच असं धरू नका, तारीख सांगा. आणि कलम ८, म्हणजे उघड्यावर गिऱ्हाईक बोलावण्याचा गुन्हा, लावून 'कबूल कर, पाचशे भर, घरी जा' असा सल्ला मिळाला तर थांबा. पाचशे रुपयांत सुटका नाही, शिक्षा पदरी पडते, आणि दुसऱ्या वेळी ती वर्षापर्यंत जाते.

मुलगी अठराच्या खालची असेल किंवा कुणाला डांबून, विकून आणलं असेल तर वरचं काहीच लागू नाही. राजीखुशीचा प्रश्न तिथे येत नाही. ११२ किंवा १०९८ला फोन करायचा, लगेच.

आता कागदपत्रं. पत्त्याचा पुरावा नसला तरी आधार मिळालं पाहिजे, ही सोय न्यायालयाने २०२२ मध्ये करून दिली. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं प्रमाणपत्र त्यासाठी पुरतं, आणि कार्डावर बाईचा व्यवसाय ओळखू येईल असा कुठलाही सांकेतिक आकडा टाकायला मनाई आहे. गैरसोय ही की ते संचालक मुंबईत. कागद नाशिकहून जातो, येतो, आणि नावात एक वेलांटी चुकली की पुन्हा जातो. धंद्यातलं नाव एक, गावाकडचं दुसरं. मुलाच्या शाळेत जे लागलं आहे तेच सगळीकडे लावा. लहानपणी गावी आधार काढलं असेल तर नवी नोंदणी बाद होते, कारण बोटांचे ठसे आधीच साठलेले असतात. अशा वेळी नवा अर्ज न करता केंद्रावर ठशांवरून जुना क्रमांक काढून घ्यायचा. मोबाइल क्रमांक स्वतःचाच जोडायचा. घरवालीचा जोडला तर प्रत्येक ओटीपी तिच्याकडे जातो आणि बँकेचं खातंही तिच्याच हातात राहतं.

रेशनसाठी बंगाल किंवा कर्नाटकातलं जुनं कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर नाशिकच्या दुकानातही अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. संजय गांधी निराधार योजनेत 'वेश्याव्यवसायातून मुक्त केलेली महिला' असा वेगळा रकाना आहे, महिना १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. पण अट १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याची आहे. बाहेरून आलेल्या बाईने त्यासाठी आजपासूनच कागद जमवावेत: मुलाचा शाळेचा दाखला, बाळंतपणाचा केसपेपर, मतदार यादीतली जुनी नोंद. सिव्हिलचे केसपेपर चुलीत घालू नका, त्यांच्यावर तारीख आणि नाशिकचा पत्ता असतो.