एस्कॉर्ट मार्क टू, झेटेक इंजिन आणि हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग: १४ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी १९७८ ची फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू. इथे इंग्लंडमध्ये या गाडीत फोर्डचंच नंतरचं दोन लिटरचं झेटेक इंजिन आणि त्यामागे फोर्ड सिएराचा पाच गिअरचा टाइप नाइन गिअरबॉक्स बसवणं आता रुळलेलं काम आहे. सिएराच्या १.८ सीव्हीएच इंजिनाचं बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचभोवतीचं कवच) झेटेकला बसतं, त्यामुळे जोडणीचा त्रास झाला नाही. अडलं ते क्लचपाशी. नव्या एक्झॉस्टमुळे केबलला फार आखूड वळण घ्यावं लागायचं. पेडल जड झालं आणि केबल सारखी सैल पडू लागली. शेवटी केबल आणि तिच्या ओढीने बेअरिंग ढकलणारा आतला फोर्क काढून टाकला आणि गिअरबॉक्सच्या नाकावर बसणारं, ऑइलच्या दाबाने पुढे सरकून क्लच सोडवणारं हायड्रॉलिक बेअरिंग घेतलं. त्याला १४ महिने झाले, गाडी साधारण ६,००० मैल चालली.

या बेअरिंगचं सगळं यशापयश एका मापावर आहे. पिस्टन पूर्ण मागे ढकललेला असताना बेअरिंगचं तोंड आणि प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमची बोटं (बेअरिंग यांनाच दाबून क्लच सोडवतं) यांत किती जागा उरते, ते हे माप. क्लच प्लेट झिजते तशी ती बोटं गिअरबॉक्सच्या दिशेने सरकतात आणि पिस्टनला मागे रेटतात. जागा कमी ठेवली तर पिस्टन तळाला टेकतो आणि क्लच घसरायला लागतो. जास्त ठेवली तर पिस्टन फार बाहेर येतो आणि सील जातं. मी ३ मिमी धरले होते. बेल हाऊसिंगवर सरळ पट्टी आडवी ठेवून व्हर्नियरने बेअरिंगपर्यंतची खोली मोजली, मग इंजिनच्या बाजूने बोटांची उंची मोजली, आणि फरकातून ३ मिमी सोडून उरलेल्याइतके शिम (पातळ चकत्या) मागे घातले.

चूक इथेच झाली. इंजिन आणि बेल हाऊसिंगच्या मधे दीड मिमीची पातळ पत्र्याची प्लेट असते, ती मापात धरायची राहिली. म्हणजे प्रत्यक्षात साडेचार मिमी. त्यात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की बेअरिंगकडे ऑइल ढकलणारा) ०.७५ इंची, आणि पेडलला स्टॉप नाही. हिशोब सोपा आहे: माझ्या बेअरिंगच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस मिमी, मास्टरचं २८५. मास्टर ३२ मिमी दाबला की बेअरिंग १० मिमी पुढे जातं. साडेचार आणि दहा मिळून साडेचौदा, आणि बेअरिंगची मर्यादा १४!

पाचव्या महिन्यात एका सकाळी बेल हाऊसिंगखाली ब्रेक ऑइलचा ओला डाग दिसला. बोट लावून बघितलं, इंजिन ऑइलपेक्षा पातळ आणि फिकट. ऑइलच्या टाकीतली पातळी बोटभर खाली. ही या पद्धतीची खरी किंमत आहे: क्लच ढकलणारा सिलिंडर बेल हाऊसिंगच्या बाहेर असता तर तासाभराचं काम होतं, इथे आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. दोन दिवस गेले.

नवं सील टाकताना प्लेटची जाडी धरून शिम वाढवले. मास्टर ०.७० चा घेतला आणि २८ मिमीवर पेडल स्टॉप लावला. आता बेअरिंग ७.७ मिमी पुढे जातं. माझा क्लच साडेसातला पूर्ण सुटतो. टाइप नाइनच्या रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे क्लच जरा जरी ओढत असला, म्हणजे पूर्ण सुटत नसला, तरी रिव्हर्स टाकताना खर्रकन कळतं. तो आवाज गेला, आणि लहान मास्टरमुळे पेडलही हलकं झालं.

ऑइलच्या नळीतली एअर काढताना (ब्लीडिंग) घाई करू नका. भराभर पंप केलं की ऑइलला फेस येतो. मी आधी बेअरिंगकडचं एअर सोडायचं निपल उघडं ठेवून ऑइल आपोआप उतरू दिलं, मग हिने पेडल सावकाश दाबून धरलं आणि मी खालून निपल आवळलं. ब्लीडिंगची नळी बेल हाऊसिंगच्या बाहेर आणायला विसरू नका, नाहीतर पुढे हात पोचत नाही. आणि गिअरबॉक्स उतरलेला असताना पेडलला कुणाला हात-पाय लावू देऊ नका. समोर अडवायला बोटं नसतात, पिस्टन सरळ बाहेर येऊन पडतो.

ज्यांची केबल नीट, मोकळ्या वळणाने जाते, त्यांनी केबलच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या गाडीत तशी वाट नव्हती, आणि या गाडीसाठी मी पुन्हा हेच बेअरिंग घेईन. दुरुस्तीला आता नऊ महिने झाले. टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे, दर रविवारी बघतो. ऑइल अजून रेघेवरच आहे.