मोटरहोमचं छत आणि वेगळं डिपॉझिट

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे आत बिछाने-फ्रिज असलेली फिरतं घर वाटावी अशी गाडी, भाड्यानं घेऊन मित्रांकडे किंवा संगीताच्या जत्रांना जायचा बेत करत असाल, तर गाडीच्या किल्ल्या हातात घेण्याआधी हे वाचा. गाडी खरी असते, मालक खरा असतो, वेबसाइट नावाजलेली असते आणि तरी माणूस लुबाडला जातो. खोट्या जाहिरातींपासून सावध राहा, असं सगळेच सांगतात. खऱ्या गाडीच्या आडून जे चालतं त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. नवरा बरीच वर्षं मँडोलिन वाजवतो, त्याच्यामुळे ब्लूग्रासचं, म्हणजे बँजो-फिडलवर रंगणाऱ्या इथल्या संगीताचं, वेड मलाही लागलं. व्हर्जिनियात गॅलॅक्स नावाच्या छोट्या गावी १९३५ पासून ऑगस्टमध्ये ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन भरतं. फेल्ट्स पार्कच्या मैदानावर आठवडाभर स्पर्धा चालतात आणि विजेवरची वाद्यं तिथे चालत नाहीत. पण स्टेजपेक्षा मोठी मजा मागे, उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगांमध्ये असते. कुणाच्या तरी मोटरहोमच्या कनातीखाली बँजो, फिडल, गिटार, डबल बास घेऊन एकमेकांना न ओळखणारी माणसं गोल करून उभी राहतात. कुणीतरी पट्टी सांगतं आणि भजनात एकेकानं पुढे होऊन कडवं उचलावं तसं एकेक वाद्य पुढे येतं, बाकीचे मागे सरून साथ धरतात. मध्यरात्र उलटली तरी कुणी उठत नाही. हॉटेलात उतरून हे मिळत नाही, म्हणून मोटरहोम हवी होती. शिवाय नवऱ्याचे सांगलीच्या कॉलेजातले दोन मित्र वाटेवर होते, एक ब्लॅक्सबर्गला आणि एक किंग्सपोर्टला. दोघांकडे कितीतरी वर्षांत निवांत जाणं झालं नव्हतं.

वेबसाइटवरून एका मालकाची गाडी घेतली. ती क्लास सी होती, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला बिछाना असतो ती. मालक गोड बोलणारा. मी क्लीव्हलँड काउंटीचा, बँजोवादक अर्ल स्क्रग्जच्या भागातला, असं त्यानं सांगितलं आणि नवऱ्याशी त्याची लगेच गट्टी जमली. १९४५ च्या डिसेंबरमध्ये स्क्रग्ज नॅशव्हिलला बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांच्या बँजोनं हे संगीत कसं पालटून गेलं, यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. बोलता बोलता त्यानं विचारलं, गॅलॅक्सनंतर कुठे? कुठल्या रस्त्यानं? डोंगरांतून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवेच्या रस्त्यावरून जाणार का? आम्ही सगळं सांगितलं. प्रवासाला निघालेली माणसं सांगतातच.

मग सामान चढवून झाल्यावर, किल्ल्या अजून स्वतःच्या हातात असताना, तो म्हणाला की मागच्या भाडेकरूनं फार नुकसान केलंय, म्हणून आता मी १,५०० डॉलर वेगळं डिपॉझिट घेतो, परत आलात की त्याच संध्याकाळी पाठवतो. वेबसाइटनं आमच्या क्रेडिट कार्डवर १,००० डॉलर आधीच अडकवून ठेवले होते. हे पैसे मात्र त्याला झेलवरून, म्हणजे आमच्या बँक खात्यातून थेट त्याच्या खात्यात, हवे होते. मैदानावरची जागा ठरलेली, मित्रांनी सुट्ट्या टाकलेल्या, फ्रिजमध्ये आमटी-भाजीचे डबे लागलेले. मागे फिरणं अशक्य झालं की मगच पैसे मागायचे, हा या धंद्याचा कणा आहे. फोनवर, ईमेलवर, बुकिंगच्या वेळी या वेगळ्या डिपॉझिटबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता.

गॅलॅक्सला दुसऱ्या रात्री डोंगरातला पाऊस कोसळला आणि वरच्या बिछान्याच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. गादीची एक कड भिजून चिंब झाली. आम्ही मालकाला मेसेज केला, व्हिडिओ पाठवला. त्यानं मेसेजला उत्तर दिलं नाही, फोन केला. "टॉवेल लावा, काळजी करू नका, नंतर मी बघतो." लेखी काहीच नाही. मी लगेच त्याला मेसेज टाकला की तुम्ही आत्ता फोनवर असं असं म्हणालात. पुढे तोच उपयोगी पडला.

शुक्रवारी पार्कवेवरून फ्लॉइडला गेलो. तिथल्या जुन्या किराणा-कापडाच्या दुकानात दर शुक्रवारी संध्याकाळी आधी गॉस्पेल आणि मग नाचाचं संगीत होतं, लाकडी फरशीवर म्हातारी-कोतारी माणसं टाचा आपटत नाचतात. रात्री ब्लॅक्सबर्गच्या मित्राच्या दारात गाडी लावली. घरच्या साध्या प्लगवर मोटरहोमचा एसी काही चालेना, म्हणून त्याच्याच घरात झोपलो. सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो गाडीभोवती फिरला आणि पुढच्या बाजूला थांबला. "वहिनी, इथे दाबून बघा." बाहेरून चकचकीत दिसणारी फायबरग्लासची भिंत तळव्याखाली गादीसारखी दबली. याला डिलॅमिनेशन म्हणतात. पाणी आत शिरून लाकूड कुजतं, गोंद सुटतो आणि वरचा थर फुगतो.

शनिवारी संध्याकाळी हिल्टन्सच्या कार्टर फॅमिली फोल्डमध्ये गाणं ऐकत बसलो होतो, पण माझं अर्धं लक्ष त्या भिंतीत. किंग्सपोर्टच्या मित्राच्या ओळखीचा एक आरव्ही (अशा गाड्यांना इथे आरव्ही म्हणतात) दुरुस्तीवाला घरी येऊन गाड्या बघतो. सोमवारी त्याला बोलावलं. शिडी लावून तो छतावर चढला. सांधे बुजवणारं जुनं सीलंट तडकून करडं पडलेलं, त्यावर बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन ताजं थापलेलं, आणि ते रबरी छताला धरतच नाही. ओल मोजायचं यंत्र त्यानं आत कोपऱ्यात लावलं, बिछान्याखालची प्लायची फळी उचलून दाखवली. काळी पडलेली, बोटानं भुगा होणारी. लाकूड असं कुजायला कित्येक मोसम लागतात, असं त्यानं तारखेसकट, फोटोंसकट, स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं. आम्ही त्याचे पैसे दिले. त्या प्रवासातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तो.

गाडी परत केली तेव्हा मालकानं छताकडे वर पाहिलंसुद्धा नाही. हसून निरोप दिला. दोन दिवसांनी वेबसाइटवर त्याचा दावा आला, ४,६०० डॉलरचा. पार्कवेवरच्या बोगद्याच्या कमानीला आम्ही गाडीचं छत घासलं, त्यातून पाणी शिरलं, म्हणून डिपॉझिट जप्त आणि वरचे पैसे द्या. सोबत गाडीतल्या जीपीएसचा नकाशा जोडला होता, आम्ही पार्कवेवर होतो याचा पुरावा म्हणून.

तो नकाशाच त्याच्यावर उलटला. ब्लू रिज पार्कवेवर एकूण २६ बोगदे आहेत, त्यातले २५ नॉर्थ कॅरोलायनात. व्हर्जिनियात एकच, ब्लफ माउंटनचा, मैलाच्या ५३ व्या दगडाजवळ. आम्ही गॅलॅक्सहून चढलो ते २१५ च्या आसपास आणि फ्लॉइडसाठी १६५ पाशी उतरलो. त्या पट्ट्यात बोगदा नाहीच. नवऱ्यानं नकाशा, पावसाच्या रात्रीचा व्हिडिओ, मेसेज आणि दुरुस्तीवाल्याचा अहवाल असं सगळं एकत्र पाठवलं. वेबसाइटनं दावा फेटाळला आणि कार्डवरचे १,००० डॉलर मोकळे केले.

ते १,५०० मात्र गेले. वेबसाइट म्हणाली, हा व्यवहार आमच्याकडे झालेलाच नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत. झेलनं पाठवलेले पैसे रोख दिल्यासारखेच, ते सहसा परत मिळत नाहीत. क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. चुकीचं बिल असलेलं पहिलं स्टेटमेंट बँकेनं पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार बँकेकडे पोचली, तर कायद्यानं बँकेला चौकशी करावीच लागते. मालक आता फोन उचलत नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली आहे, छोट्या रकमांच्या दाव्यांसाठी असलेल्या स्मॉल क्लेम्स कोर्टाचे कागदही भरतो आहोत. तिथे वकिलाशिवाय उभं राहता येतं.

आपल्याकडची किती मंडळी आता निवृत्तीनंतर किंवा भारतातून आईवडील आले की मोटरहोम घेऊन निघतात! म्हातारी माणसं सोबत असली की दारात वाद घालणं आणखी नकोसं होतं, आणि हे लोक तेच हेरतात. म्हणून वेबसाइटच्या बाहेर एक डॉलरही देऊ नका, मालक कितीही गोड असो. असं डिपॉझिट मागितलं तर त्याच्यासमोरच वेबसाइटच्या मदत क्रमांकाला फोन लावा. निघण्यापूर्वी शिडी मागून छताचा व्हिडिओ काढा, त्यात मालकाचा आवाज येऊ द्या. पुढच्या कोपऱ्यांच्या भिंती तळव्यानं दाबून बघा. गादी उचला, खालची फळी बघा. आत शिरताच सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला, तर तो ओलीचा वास झाकायला मारलेला असू शकतो. आमच्या गाडीत तसाच होता. टायरवर कोरलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचा. परत देताना मालकाला सोबत घेऊन तसाच व्हिडिओ पुन्हा काढा.

ती गाडी आज पुन्हा भाड्याला लागली आहे. छताला नवं सील केल्याचं लिहिलंय, फोटो भरपूर आहेत, वरच्या बिछान्याचा उजवा कोपरा एकाही फोटोत नाही. कुठल्याही क्लास सी गाडीच्या जाहिरातीत तो कोपरा दिसला नाही, तर पैसे भरण्याआधी त्याचा फोटो मागवा, गादी उचलून काढलेला.