जीपचा मीटर-कन्सोल: मूळ वायरिंग दुरुस्त करावी की नवा हार्नेस कपलरवर घ्यावा?

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचा, म्हणजे सीजे ३बी किंवा तिच्या आसपासच्या बनावटीचा, मीटर-कन्सोल, म्हणजे वेग, पेट्रोल, तापमान दाखवणाऱ्या मीटरांचा डॅशबोर्डातला डबा, बाहेर काढायचे ठरले की मालकापुढे दोन वाटा असतात. मूळ वायरिंग तशीच ठेवून चिरलेल्या आणि कडक झालेल्या तारा तेवढ्या बदलायच्या आणि प्रत्येक तार पुन्हा तिच्याच स्टडवर (मीटरमागच्या आटे पाडलेल्या खुंटीवर) नटाने आवळायची, ही पहिली. मीटरमागचा सगळा गुंता काढून टाकून नवा हार्नेस, म्हणजे तारांचा एकत्र जुडगा, बांधायचा आणि तो एकाच कपलरने, म्हणजे सगळ्या तारा एकदम जोडणाऱ्या-सोडणाऱ्या प्लगने, मुख्य वायरिंगला जोडायचा, ही दुसरी. माझ्या जीपवर मी आधी पहिला आणि नंतर दुसरा, असे दोन्ही प्रकार वापरले आहेत. बॅटरीची क्लिप प्रथम सोडावी, तारांना खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात, या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून पुढे जातो.

पहिल्या वाटेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांच्या जीपला एकत्र कन्सोल नसून पाच सुटे डायल आहेत, त्यांच्यासाठी तर तीच वाट बरी, असे मला वाटते. त्या जुन्या बनावटीत तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनमधल्या उष्णता टिपणाऱ्या धातूच्या फुग्यापासून (बल्बपासून) डायलपर्यंत एक केसासारखी बारीक बंद नळी आलेली असते, आणि ती तुटली किंवा मुरडली की डायल निकामी होतो. ऑइलच्या दाबाच्या डायललाही खरे ऑइल नळीतून येते. अशा ठिकाणी कपलरने फारसे काही साधत नाही, कारण जे सोडवायला अवघड आहे ते तारेत नसून नळीत आहे. शिवाय गाडी प्रदर्शनात किंवा रॅलीत उतरवायची असेल, तर मूळ रंगांच्या तारा आणि कापडी वेष्टण यांचे मोल जाणकार परीक्षकाला कळते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते. त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. माझ्या वाचनाप्रमाणे मीटरची वायरिंग त्या अटीत येत नाही. तरी ज्याला गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच हवी आहे, त्याच्या भावनेचा मला आदर आहे.

माझा निर्णय मात्र एका त्रासाने केला, आणि तो त्रास एकत्र कन्सोल असलेल्या जीपच्या बहुतेक मालकांना भोगावा लागत असावा. हा कन्सोल डॅशबोर्डातून पुढच्या बाजूने निघतो, पण त्याला धरणारे नट आणि त्याच्या सगळ्या तारा मागच्या बाजूला असतात, आणि मूळ तारा इतक्या मापात कापलेल्या असतात की त्या सोडल्याशिवाय कन्सोल बोटभरही पुढे येत नाही. म्हणजे एक दिवा बदलायचा झाला तरी स्टीअरिंगखाली पाठ टेकून, तोंडात टॉर्च धरून, न दिसणारे नट बोटांच्या टोकांनी फिरवायचे आणि जोडताना तेच सगळे पुन्हा करायचे. कष्टाचे मला तितके वाटत नाही. धोका स्टडचा आहे. पेट्रोलच्या आणि तापमानाच्या मीटरचा स्टड गंजलेल्या नटाबरोबर स्वतःच फिरू लागला, तर आतल्या पट्टीवर गुंडाळलेली नाजूक तार तुटते, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर आता विरळ झाले आहेत. स्टडला मागून पक्कड लावून नट सोडवावा हे खरे, परंतु झोपलेल्या स्थितीत दोन हात तिथे एकाच वेळी पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. मूळ वायरिंगमध्ये हा प्रसंग प्रत्येक दुरुस्तीला येतो. कपलर लावल्यावर तो एकदाच येतो, आणि तोही हार्नेस बांधताना, टेबलावर, उजेडात.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. एकत्र कन्सोलमध्ये पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे विजेवर चालतात, आणि पेट्रोलच्या मीटरच्या पोटात एक लहानसा रेग्युलेटर असतो. त्याची द्विधातूची पट्टी तापून उघडते, थंड होऊन मिटते, आणि अशा रीतीने बॅटरीच्या बारा व्होल्टचे सरासरी पाच व्होल्ट करून दोन्ही काट्यांना पुरवते. हे काम चालण्यासाठी कन्सोलच्या पत्र्याला चांगले अर्थिंग लागते. मूळ रचनेत ते डॅशबोर्डाच्या पत्र्याशी होणाऱ्या नुसत्या स्पर्शातून मिळते. डॅशबोर्डाला नवा रंग मारून घेतला की तो स्पर्श जातो. मग चावी फिरवल्यावर टाकी रिकामी असो वा इंजिन थंड असो, दोन्ही काटे सावकाश सरकत शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन टेकतात. चावी ताबडतोब बंद केली नाही तर मीटर जळतात. नव्या हार्नेसमध्ये अर्थिंगची स्वतंत्र काळी तार कन्सोलच्या पत्र्यापासून थेट चासीपर्यंत नेता येते. जुन्या वायरिंगलाही ती जोडता येते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि जे मूळ वायरिंग ठेवतील त्यांनी एवढे एक तरी अवश्य करावे.

कपलरवरचा नेहमीचा आक्षेप पावसाचा आहे आणि तो रास्त आहे. उघड्या जीपमध्ये कोकणचा पाऊस डॅशबोर्डामागे पोहोचतोच, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या कपलरच्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात. म्हणून रबरी सील असलेला कपलर घ्यावा, पिना चांगल्या क्रिम्पिंग पकडीने दाबाव्यात आणि कपलरचे तोंड खाली राहील असा तो बांधावा. मीटरचा पुरवठा, पेट्रोल, तापमान, ऑइल आणि चार्जिंगचे दिवे, अपर (हेडलाइटच्या लांबच्या झोताचा दिवा), इंडिकेटर, मीटरचा उजेड आणि अर्थिंग असा हिशेब केला तर नऊ-दहा तारा होतात. बारा पिनांचा कपलर घेतल्यास पुढची सोय राहते. एक चौरस मिलिमीटरची तार या कामाला पुरते. मीटरच्या पुरवठ्याला पाच अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज असावा.

मीटरमधले दिवे एलईडी करण्याचा मोह अनेकांना होतो. उजेडापुरते ते ठीक आहे, परंतु बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवलेल्या जीपमध्ये चार्जिंगचा दिवा तरी जुन्या तारेच्या बल्बचाच ठेवावा, कारण बहुतेक अल्टरनेटर त्या बल्बमधून येणाऱ्या करंटवरच जागे होतात आणि एलईडीतून तेवढा करंट जात नाही. पूर्णपणे नवा इलेक्ट्रॉनिक कन्सोल हा तिसरा पर्यायही सुचवला जातो. त्याचे आकडे ठळक दिसतात, पण ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीतला पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट त्याच्याशी जुळेलच असे नाही. अमेरिकी जीपचा मूळ फ्लोट रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम दाखवतो, तर पुष्कळ नवे मीटर याहून वेगळ्या मापाचे असतात. त्या वाटेने मी गेलो नाही.

स्पीडोमीटरची केबल मात्र कोणत्याही कपलरवर येत नाही. ती मागून हातानेच सोडावी लागते, आणि मूळ वायरिंगचे समर्थक या मुद्द्यावर बोट ठेवतात. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की गिअरबॉक्सकडच्या क्लिपा थोड्या सैल करून केबलला वर सरकायला जागा द्यावी आणि नव्या हार्नेसमध्ये तारा वीतभर जास्त लांब ठेवाव्यात, म्हणजे नट सोडल्यावर कन्सोल पुढे ओढून केबलचा चाकासारखा नट डोळ्यांसमोर आणून सोडवता येतो.