डीसीची स्मारकं की हाइड पार्कचं घर? पोरांना प्रेसिडेंट दाखवायचे तर कुठे न्यावं

शाळेतून 'एका राष्ट्राध्यक्षावर पोस्टर करा' असा कागद घरी आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींमध्ये हा प्रश्न ठरलेला, की पोरांना नुसतं गूगल करून द्यायचं की कुठेतरी घेऊन जायचं, आणि जायचं तर कुठे. ज्युनियर रेंजर हा नॅशनल पार्क सर्व्हिसचा मुलांसाठीचा प्रकार बहुतेकांना माहीत आहेच, बुकलेट घ्या, भरा, रेंजरसमोर हात वर करून शपथ, बॅज, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेलं माउंट रशमोर वगैरे विमानाची कामं सोडली तर एडिसन-पार्सिपनी साइडच्या लोकांसाठी मला दोनच जागा खऱ्या वाटतात. एक वॉशिंग्टन डीसीचा नॅशनल मॉल, म्हणजे स्मारकांचं ते मोठं मैदान, आणि दुसरं हडसन नदीकाठचं हाइड पार्क, म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्टचं घर.

आम्ही दोन्हीकडे गेलोय. लेक तेव्हा तिसरीत, धाकटा केजीत आणि सोबत नाशिकहून आलेले आई-बाबा. तेव्हा पुढचं सगळं असल्या वरातीचा अनुभव समजून वाचा, कॉलेजच्या पोरांना यातलं काही लागू नाही.

डीसीला नावं ठेवायला खरं तर जागा कमी आहे. स्मारकं फुकट, रात्रीही बघता येतात, आणि एकाच ठिकाणी वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन, रूझवेल्ट सगळे भेटतात. पोरांना धरून ठेवतील अशा गोष्टीही भरपूर. लिंकनच्या स्मारकाला ३६ खांब आहेत, तो गेला तेव्हा जेवढी राज्यं होती तेवढे, आणि आत त्याचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण कोरलंय त्यात 'फ्यूचर' शब्दाचा एफ आधी चुकून ई कोरला गेला होता, खालची आडवी रेघ नंतर बुजवली पण नीट बघितलं तर अजून दिसते. ही चूक शोधायला पोरं जी तुटून पडतात ना, बघण्यासारखं असतं. वॉशिंग्टन मॉन्युमेंटचंही तसंच, साधारण १५० फुटांवर दगडाचा रंग बदलतो. १८५४ च्या सुमारास पैसे संपून काम थांबलं, मग सिव्हिल वॉर म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध झालं, पुढचं बांधकाम १८७९ ला सुरू झालं आणि तोवर दगडाची खाण बदलली. मुलीने 'रंग वेगळा का' विचारलं आणि सिव्हिल वॉर आपोआप निघालं, मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

पण. दोन स्मारकांच्या मधलं जे चालणं आहे ना, त्याने आमचा निकाल लावला. नकाशावर सगळं शेजारीशेजारी दिसतं हो, प्रत्यक्षात लिंकनकडून टायडल बेसिन नावाच्या तळ्याच्या काठाने मार्टिन ल्यूथर किंग, मग रूझवेल्ट, मग जेफरसन असं जाताना जुलैच्या दमट उन्हात आमची पार दाणादाण उडाली. धाकटा कडेवर, बाबांचा गुडघा, आई 'अजून किती लांब' एवढंच विचारतेय, आणि बुकलेट कधीच बॅगेत गेलेलं, कारण पोरांचं सगळं लक्ष आइस्क्रीमच्या ट्रककडे. बुकलेटची पानं वेगवेगळ्या स्मारकांची असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी पोचलं की आधी उत्तर शोधा, लिहा आणि पळा. शेवटी शेवटी तर मीच उत्तरं सांगत होतो आणि ती लिहीत होती. जेफरसनपर्यंत पोचल्यावर लेक म्हणाली, 'बाबा, हे पण खांबवालंच आहे.' तिथे माझं अवसान गळालं. आता कुणी म्हणेल एप्रिलमध्ये जा, चेरी ब्लॉसमच्या वेळी हवा छान असते. असते, पण तेव्हा पार्किंगचं नाव काढू नका.

हाइड पार्कला चालणं आहे पण ते सगळं एकाच माणसाच्या अंगणात. आमच्याकडून गाडीने दोनेक तास, आणि एकदा गाडी लावली की दिवसभर हलवायची गरज नाही. घर आतून गाइडेड टूरनेच बघता येतं, म्युझियम मात्र पार्कवाल्यांचं नाही, नॅशनल अर्काइव्ह्जचं, देशातली ही पहिली प्रेसिडेन्शियल लायब्ररी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रं आणि वस्तू जपायची जागा, १९४१ ला रूझवेल्ट पदावर असतानाच उघडलेली. वेळा आणि तिकिटं निघण्याआधी वेबसाइटवर बघून घ्या.

घरात गेल्यागेल्या काचेच्या कपाटात भुसा भरलेले पक्षी, त्याने लहानपणी स्वतः जमवलेले. धाकटा तिथेच अडकला. पण मुलीला खिळवून ठेवलं ते लिफ्टने. सामान वरखाली करायची साधी लिफ्ट, १९२१ मध्ये ३९ व्या वर्षी पोलिओ झाल्यावर रूझवेल्ट त्यात बसून दोर स्वतःच्या हातांनी ओढत वर जायचा. वीज लावून घेतली नाही, कारण घराला आग लागून वीज गेली तर आत अडकू ही धास्ती. व्हीलचेअर म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या बिनहाताच्या साध्या खुर्चीला चाकं लावलेली. आणि म्युझियममध्ये त्याची १९३६ ची फोर्ड, नुसत्या हातांनी चालवता येईल अशी करून घेतलेली. चार वेळा निवडून आलेला माणूस, ज्याच्यानंतर दोनच टर्मची घटनादुरुस्ती करावी लागली, तो आधाराशिवाय पायांवर उभा राहू शकत नव्हता आणि बहुतेक लोकांना ते किती आहे हे कळूही दिलं नव्हतं, हे पोरांना त्या खुर्चीपुढे एका मिनिटात कळतं.

बाहेर घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जाणारी झाडांची वाट आहे. आजारपणानंतर कुबड्या घेऊन त्या टोकापर्यंत चालत जायचा तो प्रयत्न करायचा. पायांना लोखंडी पट्ट्या असायच्या, गुडघ्यात लॉक केलेल्या. हे ऐकल्यावर मुलगी गुडघे न वाकवता चालायला लागली, पायाने खडी ओढत, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, आणि दमून बसली. त्या दिवशीचं बुकलेट तिने गवतावर बसून स्वतः भरलं, मला विचारलंही नाही.

आजोबा लोकांसाठीही इथे विषय निघतो हा बोनस. १९४२ ला गांधीजींनी याच रूझवेल्टला पत्र लिहिलं होतं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश मंत्री क्रिप्स भारतात बोलणी करायला आले तेव्हा त्याने लुई जॉन्सनला आपला प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवलं होतं. बाबांनी यावर गुलाबाच्या बागेत, त्याच्या समाधीशेजारच्या बाकावर जे लेक्चर दिलं ते आमच्या टूरपेक्षा लांबलं.

आता हाइड पार्कची दुसरी बाजू. प्रेसिडेंट एकच मिळतो. तुमच्या पोराला लिंकनच हवा असेल तर इथे येऊन काय करणार. टूरमध्ये हात लावायचा नाही, पुढे पळायचं नाही, त्यामुळे चार वर्षांच्या आतलं कुणी असेल तर एकाने बाहेर हिरवळीवर थांबायची तयारी ठेवा. आणि भारतातून आलेले पाहुणे व्हाइट हाउससमोर फोटो काढल्याशिवाय परत जात नाहीत, त्याला काही इलाज नाही, तेव्हा डीसी कधीतरी होणारच. पोरं दहा-अकराच्या पुढची असतील आणि दोन दिवस काढून रोज दोनच स्मारकं करणार असाल तर कदाचित तुम्हाला डीसीच जास्त आवडेल, मी वाद घालणार नाही.

फक्त दोन्ही करणार असाल तर आधी हाइड पार्क करा असं मी म्हणेन. कारण डीसीतल्या रूझवेल्टच्या स्मारकात तो मोठ्या झग्यात बसलेला दाखवलाय, शेजारी त्याचा कुत्रा फाला. १९९७ ला स्मारक उघडलं तेव्हा व्हीलचेअर दिसत नाही म्हणून अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता आणि मग २००१ मध्ये प्रवेशापाशी व्हीलचेअरमधला वेगळा पुतळा बसवला. आधी डीसी केलेली पोरं, आमच्यासकट, फालाचे कान चोळून चकचकीत करतात आणि पुढे जातात. घर बघून गेलेल्या पोराला झग्याच्या पुतळ्यामागे जायला सांगा, खुर्चीच्या पायांना बारीक चाकं आहेत ती त्याला शोधू दे.