पाहुण्याचं व्याख्यान की आपल्याच सुपरवायझरचं बोलणं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले एचआरवाले मित्र मार्च जवळ आला की विचारतात, 'लीडरशिप आणि वर्क कल्चर'वर कुणाला बोलवू? मार्चच का, तर बजेट संपवायचं असतं.

पाहुण्या वक्त्याचा फायदा खरा आहे. तीनशे माणसं एकदम ऐकतात आणि मालक त्याच मंचावरून चार शब्द बोलतो. नवा प्लांट सुरू होतोय, मालकी बदललीय, अशा वेळी हे हवंच. पण आपला कामगार गावच्या सप्ताहात बसून ऐकायला शिकलेला आहे. कीर्तनकार एकच अभंग घेऊन दोन तास त्याचं एकेक चरण सोडवतो आणि दृष्टांत मात्र समोरच्या गावातला देतो. त्या कानांना परदेशी कंपन्यांच्या गोष्टी सांगणारा वक्ता पुरत नाही. म्हणून वक्ता ठरवताना मी एकच अट घालतो: आदल्या दिवशी येऊन सेकंड शिफ्ट बघायची. निम्मे तिथंच नाही म्हणतात.

एका कंपनीत मी स्वतः 'मोकळ्या संवादा'वर दीड तास बोललो. टाळ्या पडल्या. शेवटी मागून एकानं विचारलं, "सर, लई भारी बोललात, पण आमच्या लाइनचा पंखा दोन महिने झाले बंद हाय, ते कुणाला सांगायचं?" मे महिना होता. मॅनेजर पहिल्या रांगेत बसून मोबाइल बघत होता.

दुसरा मार्ग टोस्टमास्टर्सचा, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करून घेणाऱ्या क्लबांचा. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली ही पद्धत काटेकोर आहे. भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं, वेळेसाठी हिरवा-पिवळा-लाल इशारा, आणि 'अं... अं' मोजायला वेगळा माणूस. ग्राहकाच्या ऑडिटला सामोरं जाणाऱ्या इंजिनिअरला जरूर पाठवा. मात्र बरेच क्लब इंग्रजीत चालतात, आणि गंगापूर-बिडकीनहून कंपनीच्या बसनं येणारा सुपरवायझर शिफ्ट सुटल्यावर थांबणार कसा?

राहिला टूलबॉक्स टॉक: शिफ्ट सुरू होताना लाइनवरच, उभ्या-उभ्या दहा मिनिटं. बहुतेक ठिकाणी तो हेल्मेट-ग्लोव्हजची यादी वाचून उरकतात. तोच रोज वेगळ्या लाइन लीडरकडं द्या, मराठीत बोलू द्या, शेवटची तीन मिनिटं कामगारांच्या तक्रारीला ठेवा. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडत नाही, तेवढा धीर धरावा लागतो. खर्च जवळजवळ नाही. अडचण एवढीच की मॅनेजरला आठवड्यातून दोनदा तिथं गप्प उभं राहावं लागतं. हे त्याला मान्य नसेल, तर यंदा वक्त्यावरही पैसे घालू नका.

मान्य असेल, तर आधी सहा महिने हेच. वक्ता दिवाळीनंतर बोलवा, तोवर त्याला दाखवण्यासारखी सेकंड शिफ्ट तयार असेल. वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपला यातलं काहीच नको. तिथं मालकानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर डबा उघडला तरी पुष्कळ कळतं.